भट्टीत वाळवलेलं लाकूड आणि एचटी लाकूड

भोसरी-चाकणकडे पॅलेट, म्हणजे माल रचायची लाकडी चौकट, किंवा क्रेट, म्हणजे लाकडी खोका, घ्यायला गेलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं : "साहेब, माल भट्टीतला आहे, एकदम कोरडा." घेणारा निर्धास्त होतो, यंत्राचा सुटा भाग क्रेटमध्ये ठोकतो आणि कंटेनर न्हावाशेवाला पाठवतो. पलीकडच्या बंदरावर मात्र हीट ट्रीटमेंटचा शिक्का नाही म्हणून तोच क्रेट अडतो. भट्टीत वाळवणं आणि हीट ट्रीटमेंट (एचटी, म्हणजे आतली कीड मारण्यासाठी लाकूड तापवणं) ही दोन्ही कामं कधी कधी एकाच चेंबरमध्ये होतात, दोन्हींत गरम हवा लागते. त्यामुळे हा घोळ होतो. पण दोन्हींचा हेतू वेगळा.

वाळवताना लक्ष असतं ते पाण्यावर. ओल साधारण 20 टक्क्यांच्या खाली आली की बुरशी धरत नाही, वजन घटतं, खिळा नीट बसतो. त्यासाठी तापमान किती ठेवायचं हे लाकडाची जात आणि जाडी पाहून ठरतं. तडे जाऊ नयेत म्हणून कित्येकदा ते बेतानंच ठेवतात. म्हणजे फळी आठवडाभर भट्टीत राहूनही आतल्या अळीला मारक ठरेल इतकी तापलेली असेलच, असं नाही.

हीट ट्रीटमेंटचा नियम आंतरराष्ट्रीय आहे. पॅकिंगच्या लाकडासाठी 2002 साली ठरलेल्या आयएसपीएम 15 या मानकाप्रमाणे लाकडाच्या गाभ्याचं तापमान किमान 56 अंश सेल्सिअस व्हायला हवं आणि सलग 30 मिनिटं तिथं टिकायला हवं. मोजायचं ते गाभ्याचं, चेंबरमधल्या हवेचं नव्हे. म्हणून जाड तुकड्याला भोक पाडून आत सेन्सर बसवतात आणि तापमानाचा आलेख नोंदवून ठेवतात. मला यातली सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी : ओल्या लाकडावर कोरडी गरम हवा सोडली तर पृष्ठभागावरचं पाणी उडताना लाकूड थंड होत राहतं आणि गाभा तापायला वेळ लागतो. हवा दमट ठेवली तर तो लवकर तापतो. म्हणजे चांगली ट्रीटमेंट झालेलं लाकूड बाहेर काढताना ओलंच असू शकतं! पुण्याच्या पावसाळ्यात असे पॅलेट रचून ताडपत्रीनं झाकले की थोड्याच दिवसांत हिरवट-काळी बुरशी चढते. ग्राहक ओरडतो, "ट्रीटमेंट खोटी आहे." ती खरी असते, फक्त वाळवणं राहिलेलं असतं.

एवढी काटेकोरी कशासाठी? पाइन वाळवून टाकणारा सूक्ष्म कृमी 1999 मध्ये पोर्तुगालमध्ये सापडला. आशियातला लांब मिशांचा भुंगेरा 1996 मध्ये न्यूयॉर्कमधल्या झाडांवर दिसला आणि संशय गेला तो पॅकिंगच्या लाकडावरच. असा पाहुणा एकदा जंगलात उतरला की त्याला परत पाठवता येत नाही. तिथली झाडं तोडणं एवढाच उपाय उरतो.

शिक्क्यावर कणसासारखं चिन्ह असतं, आपल्याकडचं असेल तर आयएन, मग कारखान्याचा क्रमांक, मग एचटी. एमबी लिहिलं असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे. हा वायू ओझोनचा थर विरळ करतो, म्हणून पर्याय असेल तिथं मी एचटीच घेईन. हातानं लिहिलेला शिक्का चालत नाही. प्लायवूड आणि 6 मिलिमीटरपर्यंतच्या पातळ लाकडाला मात्र या नियमातून सूट आहे.

खरेदी करताना दोन प्रश्न वेगळे विचारा. परदेशी जायचं असेल तर शिक्का आहे का आणि त्या बॅचचा आलेख दाखवता का? माल गंजणारा असेल तर ओलावा मापकाचा आकडा किती? निर्यातीच्या यंत्रासाठी दोन्ही हवेत, आणि भट्टीवाला दोन्ही करून देऊ शकतो, फक्त ऑर्डरमध्ये तसं लिहावं लागतं.

दुरुस्तीत सगळ्यात जास्त फसगत होते. शिक्क्याच्या पॅलेटची एक फळी तुटते, सुतार भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून छान वाळलेली फळी आणून ठोकतो आणि जुना शिक्का तसाच दिसत राहतो. ती फळी कितीही कोरडी असो, ट्रीटमेंटची नसेल तर तो पॅलेट आता निर्यातीच्या कामाचा राहिलेला नाही.