निवाऱ्याच्या दारात विद्यार्थी: एका शिकण्याची पार्श्वभूमी

समाजकार्य, समाजशास्त्र, नर्सिंग, वास्तुकला अशा शाखांच्या विद्यार्थ्यांना आता अनेक विद्यापीठं सत्रातले काही आठवडे जवळच्या बेघरांच्या रात्र निवाऱ्यात पाठवतात. दारात नोंदवहीत नावं लिहून घ्यायची, अंथरुणं घालायची, जेवण वाढायचं आणि मग कुणाशेजारी तरी बसून बोलायचं. परतल्यावर वर्गात चर्चा होते ती घर म्हणजे नेमकं काय आणि माणसाला एखादी जागा आपली केव्हा वाटते, याची. ही पद्धत नवी वाटते, पण तिची मुळं १४० वर्षं मागे जातात.

त्याही आधी बेघर माणसाकडे पाहण्याची रीत कायद्याने ठरवून टाकली होती. नेपोलियनशी झालेल्या युद्धांनंतर कामाविना भटकणाऱ्या सैनिक-खलाशांची इंग्लंडमध्ये गर्दी झाली आणि १८२४ च्या भटकेगिरीविरोधी कायद्याने उघड्यावर झोपणं हाच गुन्हा ठरला. पुढे १८३४ च्या गरीब कायद्यानंतर वर्कहाऊस, म्हणजे कामाच्या बदल्यात निराधारांना ठेवणारी गृहं, वाढली. वाटेवरच्या माणसाला तिथल्या 'कॅज्युअल वॉर्ड'मध्ये रात्रीपुरतं छप्पर मिळे, पण त्या बदल्यात दगड फोडावे लागत किंवा जुने दोरखंड उसवत बसावं लागे. निवारा मुद्दाम इतका कष्टाचा ठेवलेला, की माणूस पुन्हा येऊ नये.

या पार्श्वभूमीवर १८८४ मध्ये सॅम्युअल आणि हेन्रिएटा बार्नेट या दांपत्याने पूर्व लंडनच्या व्हाइटचॅपल भागात टॉयन्बी हॉल सुरू केला. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या तरुणांनी गरीब वस्तीत येऊन राहावं, शेजारी व्हावं, ही त्यांची कल्पना. दानधर्माच्या फेऱ्यांपेक्षा ही फार पुढची गोष्ट होती. तरी इमारत कॉलेजच्याच थाटाची होती आणि शिकवणारा कोण, शिकणारा कोण, हे बहुतेकांच्या मनात पक्कं होतं. प्रत्यक्षात शिक्षण उलट्या दिशेने झालं. विल्यम बेव्हरिज आणि क्लेमंट ॲटली हे दोघेही तरुणपणी इथे काम करून गेले. बेव्हरिज यांच्या १९४२ च्या अहवालावर ब्रिटनची सामाजिक सुरक्षेची व्यवस्था उभी राहिली आणि ती उभारणारं सरकार ॲटली यांचं होतं. मला या सगळ्या इतिहासात हा दुवा सर्वांत मोलाचा वाटतो.

टॉयन्बी हॉल पाहून आलेल्या जेन ॲडम्स यांनी एलेन गेट्स स्टार यांच्यासह १८८९ मध्ये शिकागोत हल हाऊस हे तसंच वस्तीतलं केंद्र काढलं. त्याच शहराच्या विद्यापीठात पुढे नेल्स अँडरसन नावाचा विद्यार्थी आला. मालगाड्यांवरून हिंडत, मिळेल तिथे मजुरी करत त्याने स्वतः दिवस काढले होते. फिरत्या बेघर मजुरांवरचा त्याचा अभ्यास १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या मजुरांच्या जगाला स्वतःची भाषा आहे, रीतिभाती आहेत, एकमेकांना धरून राहणं आहे, हे त्यात स्पष्ट दिसलं. छप्पर नसलेला माणूस नात्यांविना असतोच, हा समज तिथे ढासळला.

सेवेला निघालेल्या विद्यार्थ्यांना सर्वांत कठोर शब्दांत कुणी सुनावलं असेल, तर विचारवंत इव्हान इलिच यांनी. १९६८ मध्ये मेक्सिकोत सेवाकार्यासाठी जाणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांना ते म्हणाले: बघायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. जिथली भाषाही येत नाही, तिथे उपकार करायला जाणं हा अहंकार आहे, असा त्यांचा रोख होता. अनेक अभ्यासक्रमांत निवाऱ्यात जाण्याआधी हे भाषण वाचून घेतात. ते योग्यच आहे.

आजच्या स्वरूपाला मात्र १९८० च्या दशकातल्या अमेरिकेने आकार दिला. स्वस्त भाड्याच्या एकेका खोलीची हॉटेलं पाडली गेली, घरांसाठीचा सरकारी पैसा आटला, मनोरुग्णालयांतून बाहेर पडलेल्यांसाठी पुरेशी सोय झाली नाही. रस्त्यावरच्यांची संख्या डोळ्यांत भरू लागली. हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी १९८३ मध्ये एका चर्चच्या तळघरात हिवाळी निवारा सुरू केला आणि तो स्वतःच चालवला. १९८५ मध्ये विद्यापीठांच्या प्रमुखांनी 'कॅम्पस कॉम्पॅक्ट' ही संघटना स्थापली, त्यामुळे अशा कामाला अभ्यासक्रमात जागा मिळत गेली.

राहिला प्रश्न आपलेपणाचा. २००५ च्या सुमारास युरोपातल्या बेघरांसाठी काम करणाऱ्या संघटनांच्या 'फियान्ट्सा' या महासंघाने बेघरपणाचं 'ईथॉस' वर्गीकरण मांडलं. त्यात घराला तीन अंगं मानली आहेत: राहण्याजोगी जागा, तिथे राहण्याचा कायदेशीर हक्क, आणि खासगीपणा जपत नाती जोडता येतील असा अवकाश. निवाऱ्यातली खाट पहिलं अंग थोडंफार भागवते. पण सकाळी ठरल्या वेळी बाहेर पडावं लागतं, दाराला आतून कडी नसते, पाहुणा बोलावता येत नाही. विद्यार्थी हे डोळ्यांनी पाहतात, तेव्हा वर्गातली व्याख्या त्यांना कळते.

हार्वर्डच्या त्या निवाऱ्यात काम केलेल्या दोन विद्यार्थ्यांना दिसलं, की प्रौढांच्या निवाऱ्यात तरुण मुलांना सुरक्षित वाटत नाही. त्यातून २०१५ मध्ये १८ ते २४ वयाच्यांसाठी 'वायटूवाय' हा वेगळा निवारा उभा राहिला, तोही विद्यार्थ्यांच्याच बळावर. मित्राच्या सोफ्यावर, गाडीत रात्र काढून सकाळी तासाला येणारी मुलं विद्यापीठांतही असतात. नोंदवहीत नाव लिहून घेणारा आणि नाव सांगणारा, दोघं एकाच वयाचे, कधी एकाच वर्गातलेही असू शकतात.