बोरीपुलाच्या अल्याड राग, पल्याड कॉर्ड

फोंड्यातलं पोर गिटार शिकायला लागलं की पहिले दोन महिने बरे जातात. सी, जी, डी, ए-मायनर या कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडायचे सूर, हाताला बसतात, बोटांच्या टोकांना घट्टे पडतात. मग येते एफ. पहिलं बोट आडवं टाकून सहाच्या सहा तारा दाबायच्या. कित्येक गिटारी इथेच कपाटावर चढतात. जो हा घाट चढून जातो त्याच्यापुढे दुसरा पेच असतो: गाण्याच्या मागे कॉर्ड धरता येतात, पण 'आता तुझं काहीतरी वाजव' म्हटलं की हात थबकतो. त्याच घरात आजोबा पेटीवर भजन धरतात, आणि दोन कडव्यांच्या मधली जागा कुठलाही कागद न बघता भरतात. हे असं का, याचं उत्तर मला वाद्यापेक्षा गोव्याच्या नकाशात जास्त सापडतं.

आधी वाद्याचं सांगतो. कॉर्डची पुस्तकं आजची नाहीत. स्पेनमधल्या जुआन कार्लेस आमात नावाच्या डॉक्टराने १५९६ साली पाच जोडतारांच्या गिटारीसाठी छोटं पुस्तक काढलं. कुठल्या कॉर्डला कुठलं बोट कुठे, हे त्यात आकडे घालून सांगितलं होतं. स्वरलिपी न येणाऱ्यालाही गाण्याला साथ करता येऊ लागली. जाणकारांना हे रुचलं नाही. १६११ च्या कोव्हारुबियासच्या स्पॅनिश शब्दकोशात गिटारीला गुरांच्या गळ्यातल्या घंटेची उपमा आहे: वाजवायला इतकी सोपी, की घोड्याचा मोतद्दारही गिटारवादक होऊन बसलाय. 'चार कॉर्ड आले की झाले कलाकार' ही कुरकुर चारशे वर्षं जुनी आहे म्हणायची.

पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस जोडतारा जाऊन सहा सुट्या तारा आल्या. एकोणिसाव्या शतकात आंतोनियो द तोर्रेस या कारागिराने पोट मोठं केलं, आतल्या पट्ट्या पंख्यासारख्या मांडल्या आणि तारेची लांबी ६५० मिलिमीटरच्या आसपास ठरून गेली. तारांची जुळणी मात्र जुन्या वळणाचीच राहिली. शेजारच्या दोन तारांत सा-म इतकं अंतर; फक्त तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेत सा-ग. हा एक 'ग' उगाच नाही. सगळीकडे 'म' ठेवला असता तर एका हाताच्या चार बोटांत सहा तारांची भरलेली कॉर्ड मावणं फार कठीण झालं असतं.

आता नकाशा. साष्टी, बार्देश आणि तिसवाडी या जुन्या काबिजादी, म्हणजे पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकातच जिंकलेले तालुके. तिथल्या चर्चच्या शाळांत मेस्त्री मुलांना दो-रे-मी शिकवत. आधी गळ्यातून सूर, मग हातात व्हायोलिन. त्याच शतकात मंगेशासारखी दैवतं जुवारी नदी ओलांडून अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात आली. हा भाग पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला तो थेट अठराव्या शतकात, म्हणून ही नवी काबिजाद. देवळांच्या आश्रयाने इथे गाणं वाढलं. केसरबाईंचं केरी आणि दीनानाथ व अभिषेकीबुवांचं मंगेशी याच तालुक्यातली. मोगूबाईंचं कुर्डी सांग्यातलं, तेही नव्या काबिजादीतलंच. एका काठावर दोन आवाज एकमेकांपासून तिसऱ्या सुरावर समांतर चालवायची सवय, तर दुसऱ्या काठावर एक सा धरून त्याच्याभोवती फिरायची. माणसं ये-जा करत होती, हे मान्य. तरी फोंड्याहून साष्टीत नेणारा जुवारीवरचा बोरीचा पूल ओलांडताना मला आजही ही रेघ दिसते.

चर्चच्या शाळेत मान होता तो व्हायोलिनला. मांडो हे कोंकणी नाचगाणं म्हटलं की व्हायोलिन आणि घुमट हे मातीचं तालवाद्य. गिटार त्यांच्या शेजारी नंतर येऊन बसली. ती बल्कांवावर, म्हणजे घरापुढच्या बसायच्या ओट्यावर, लग्नाच्या आदल्या रात्री, थोरल्या भावाचा हात बघून शिकायची. (फादो या पोर्तुगीज गाण्याच्या बैठकीत 'गितारा' म्हणजे बारा तारांचं, पेअरच्या आकाराचं वेगळंच वाद्य. आपल्या गिटारीला तिथे 'व्हियोला' म्हणतात. सोनिया शिरसाट यांच्या मैफलीत दोन्ही शेजारी बघायला मिळतात.)

स्वरलिपी वाचणारे हे गोंयकार पोटासाठी मुंबईला गेले आणि तिथे दोन काठांची गाठ पडली. रात्री हॉटेलात जॅझ आणि दिवसा स्टुडिओत सिनेमाचं गाणं. हळदोण्याचे चिक चॉकलेट ट्रम्पेटवर नाव काढून गेले. संगीतकाराने पेटीवर दिलेल्या चालीखाली कॉर्ड आणि तिच्या आसपास दुसरी सुरावट बसवायचं काम सेबास्तियांव डिसोझांसारखे अरेंजर करत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस आणखी पुढे गेले. त्यांनी १९५८ साली मुंबईत रागांवर बांधलेल्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या. गिटारवर हे धाडस केलं अमान्सियो डिसिल्व्हा यांनी. गोव्याच्या कुटुंबातला, १९३६ साली मुंबईत जन्मलेला हा माणूस पुढे लंडनला गेला, आणि १९६९ साली त्याचं 'इंटिग्रेशन' आलं: जॅझची कॉर्ड, पण वर फिरणारी बोटं रागाच्या वाटेने.

आपण काय उचलायचं, हे त्यांच्याकडे बघून कळतं. क्लासमध्ये उत्स्फूर्त वाजवण्याचा पहिला धडा म्हणून ए-मायनर पेंटाटॉनिकचा, म्हणजे पाच सुरांच्या सप्तकाचा, चौकोन देतात: ए, सी, डी, ई, जी. यातला सी 'सा' धरून वाजवा, झाला भूप. ए 'सा' धरा, झाली धानी. सूर तेच, मूर्च्छना बदलली, म्हणजे सा दुसऱ्या सुरावर गेला. भजनाच्या घरातल्या मुलाला हा चौकोन आधीपासून कानाने येतो, फक्त त्याला तसं कुणी सांगत नाही. त्याला नवं असतं ते एकच. रागात पायाखालचा सा हलत नाही, कॉर्डच्या गाण्यात तो हलतो. सीवरून एफवर गेलं की मघाचा सा आता पंचम होतो, आणि ज्या सुरावर विसावलो होतो तो ग अचानक अधांतरी वाटतो. नवा विसावा लगेच शोधायचा, एवढंच शिकायचं उरतं. ते सोपं आहे असं मात्र मी म्हणणार नाही.

रीतसर शिक्षणाची सोय तशी उशिराच झाली. आंतोनियो द फिगेरेदो यांनी १९५२ साली पणजीत आकादेमिया द मुझिका सुरू केली. मुक्तीनंतर कला अकादमी आली. लंडनच्या ट्रिनिटीच्या परीक्षा देणारी मुलं आता गावोगावी आहेत. ग्रेडने हात स्वच्छ होतो, वाचन येतं. मी स्वतः ज्या सरांकडे शिकलो त्यांनी तीन वर्षांत एकदाही कागद मिटायला सांगितलं नाही. ते काम शेवटी आजोबांच्या पेटीने केलं.

आजोबांची पट्टी काळी एक, म्हणजे सी-शार्प. मी सी-शार्पच्या आडव्या कॉर्ड शोधत कुढत बसलो होतो. मग पहिल्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावला आणि साध्या सीच्या घरातल्या कॉर्ड धरल्या. आत्या काळी चारमध्ये, म्हणजे जी-शार्पमध्ये, गाते. कॅपो तिथेच ठेवायचा आणि जीच्या घरात जायचं. आजोबांनी दोन ओळी ऐकल्या, मान हलवली आणि म्हणाले, "हे बरं आहे. आता मधली जागा तू भर."