आवाज फुटला की घसा बसला?

खानदेशात श्रावणात कानबाई देवीची रात्र जागवली की दुसऱ्या दिवशी घरात कुणाचा ना कुणाचा घसा बसलेला असतोच. त्या घरात तेरा-चौदा वर्षांचा मुलगा असेल तर आजी त्यालाही विचारते, ‘तुना बी घसा बसना का रे?’ आणि हळदीच्या दुधाचा एक पेला त्याच्याही पुढे येतो. पोरगा गप्प. तोंड उघडलं की आवाज पुन्हा चिरकणार, हे त्याला ठाऊक असतं. त्याचा घसा बसलेला नसतो, वयात येताना आवाज फुटत असतो.

याच्या उलटंही घडतं आणि माझ्या मते ते जास्त वाईट. खरोखर घसा धरलेल्या मुलाला ‘वयात आलाय, होईल आपोआप’ म्हणून महिना-दोन महिने तसंच सोडून देतात.

आधी आवाज फुटण्याचं पाहू. मुलगा वयात येताना अंडकोषांतून टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक वाढत्या प्रमाणात तयार होऊ लागतं. त्यामुळे स्वरयंत्र मोठं होतं, पुढे झुकतं आणि गळ्यावर कंठमणी दिसायला लागतो. आतले स्वरतंतू लांब आणि जाड होतात. तुणतुण्याची तार लांब नि जाड घेतली तर सूर खाली येतो, तसाच हा प्रकार. लहान मुलाच्या बोलण्यात स्वरतंतू सेकंदाला साधारण २५० ते ३०० वेळा कंप पावतात, मोठ्या पुरुषाच्या बोलण्यात १०० ते १३० वेळा. म्हणजे आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. (मुलींचाही उतरतो, पण इतका थोडा की घरात कुणाच्या ध्यानात येत नाही.)

स्वरयंत्र काही महिन्यांत झपाट्यानं वाढतं. ते हलवणाऱ्या स्नायूंची सवय मात्र जुन्या मापाचीच राहते. म्हणून वर्गात हजेरी देताना ‘हजर’मधला ‘ह’ जाडा निघतो आणि ‘र’ वर उडतो. मागच्या बाकावरचे हसतात, सरही हसतात. सरांनी निदान हसू नये, एवढं तरी म्हणायला हवं.

घसा बसतो तेव्हा वाढ बिढ काही नसते, सूज असते. सुजलेले स्वरतंतू एकमेकांना नीट टेकत नाहीत, मधून हवा निसटते आणि आवाज खरखरीत होतो, कधी पार जातो. बहुतेक वेळा कारण सर्दीचा विषाणू. नाहीतर विसर्जन मिरवणुकीत डीजेवर मात करत ओरडणं. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्याच्या) आसपासची धूळ घशाला त्रास देते. रात्री उशिरा तिखटजाळ शेवभाजी खाऊन लगेच आडवं होणाऱ्यांच्या घशापर्यंत पोटातलं आम्ल येतं, त्यानंही आवाज बसतो.

मग ओळखायचं कसं? घरच्यांनी आठवून पाहावं, हे सुरू कधी झालं? ‘परवाच्या मॅचनंतर’, ‘सर्दी झाली त्या दिवसापासून’ असं उत्तर आलं तर तो बसलेला घसा. आवाज फुटायला तारीख नसते. दिवाळीला आलेल्या मामाच्या कानावर ते घरच्यांच्या आधी पडतं. दुसरी खूण ऐकण्याची. मुलाला लांब ‘आ’ म्हणायला लावा. बसलेल्या घशात खरखर सुरुवातीपासून शेवटपर्यंत राहते आणि दिवसभर बोलून संध्याकाळी वाढते. फुटणारा आवाज मधेच घसरतो, वर उडी मारतो आणि पुन्हा साफ लागतो. त्यातही थोडा घोगरेपणा असतो, फसगत होते ती तिथेच. पण त्यात घसा दुखत नाही, ताप नसतो, गिळताना त्रास नसतो. शिवाय उंची वाढणं, ओठावर लव येणं, हे सगळं साधारण त्याच काळात चाललेलं असतं.

काळही वेगळा. घसा आठवड्या-दोन आठवड्यांत मोकळा होतो. आवाज बहुधा बारा ते पंधरा वर्षांच्या दरम्यान बदलायला लागतो, काही महिने डळमळतो आणि पुरता स्थिरावायला सतरा-अठरा वर्षं उजाडतात.

फुटणाऱ्या आवाजावर औषध नाही आणि लागतही नाही. बसलेल्या घशाला पाणी, वाफ आणि कमी बोलणं पुरतं. विषाणूमुळे बसला असेल तर अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. कुजबुजणं म्हणजे विश्रांती असं अनेकांना वाटतं, पण त्यानंही घशावर ताण येऊ शकतो. गुळण्यांचं पाणी स्वरतंतूंपर्यंत पोचतच नाही, आणि हळदीचं दूधही अन्ननलिकेतून थेट पोटात जातं. हे आजीला सांगायला जाऊ नका; दुधानं नुकसान काही नाही, घशाला बरंच वाटतं.

दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं, हे मात्र विसरलं जातं. आवाज फुटत असलेला मुलगा रोज मैदानावर बोंबलत असेल तर स्वरतंतूंवर गाठी येऊ शकतात. लहान वयात त्या मुलींपेक्षा मुलांमध्ये जास्त दिसतात. बहुतेकदा ओरडणं थांबवून आणि स्पीच थेरपीनं, म्हणजे आवाज नीट वापरायच्या सरावानं, त्या जातात. म्हणून खरखर तीन-चार आठवड्यांपुढे गेली तर वयाकडे बोट न दाखवता कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावं. ते दुर्बिणीनं स्वरतंतू पाहतात. धुळे, जळगाव आणि नंदुरबार, तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. श्वास घेताना आवाज येत असेल, दम लागत असेल किंवा थुंकीत रक्त दिसलं तर आठवडे मोजत बसू नये.

भजनात, आरतीत गाणाऱ्या मुलाला मात्र गप्प बसवू नका. जिथे सूर सहज लागतो तिथे, ताण न देता, गायला हरकत नाही. वरची पट्टी हट्टानं धरू नये, इतकंच.

काही मुलांचा आवाज सोळा-सतरा उलटले तरी बारीकच राहतो. दाढी-मिशी आणि उंची वयाप्रमाणे असेल तर त्याला खोकायला सांगून पाहा. खोकला जाड, मोठ्या माणसासारखा आला तर स्वरयंत्र वाढलेलं आहे, जुन्या पट्टीत बोलायची सवय तेवढी सुटलेली नाही. स्पीच थेरपिस्टकडच्या थोड्या सरावानं बहुतेकांचा आवाज खाली येतो. चौदा वर्षं पूर्ण होऊनही वयात येण्याची कुठलीच खूण दिसत नसेल तर प्रश्न घशाचा नाही, संप्रेरकांचा असू शकतो. तेव्हा बालरोगतज्ज्ञांना दाखवावं.