सिक्लिड–कॅटफिश सहपालन

सिक्लिड–कॅटफिश सहपालन : आफ्रिकेतील मोठ्या सरोवरांतले सिक्लिड कुलातील मासे आणि मोठे कॅटफिश (मार्जारमीन) गोड्या पाण्याच्या एकाच टाकीत पाळण्याची पद्धत. सिक्लिडांपैकी मलावी, टांगानिका आणि व्हिक्टोरिया या सरोवरांतील जाती यात येतात. कॅटफिशांपैकी सिनोडोंटिस प्रजातीतील मासे सर्वाधिक ठेवले जातात. ‘मोठा कॅटफिश’ हा शब्दप्रयोग दुकानांत फार सैलपणे होतो. वीतभर वाढणारा सिनोडोंटिस आणि मीटरभराहून अधिक वाढणारा ॲमेझॉन खोऱ्यातील रेड टेल कॅटफिश हे दोन्ही त्यात बसवले जातात. प्रस्तुत नोंद मुख्यतः आफ्रिकी कॅटफिशांविषयी आहे.

टांगानिका हे या सरोवरांपैकी सर्वांत जुने व सर्वांत खोल (सुमारे 1,470 मी.) आहे. त्याचे वय सामान्यतः 90 लाख ते 1 कोटी 20 लाख वर्षे दिले जाते. मात्र आजच्यासारखे खोल सरोवर त्याहून बरेच उशिरा तयार झाले असावे, असेही काही अभ्यासक मानतात. तेथील सिक्लिडांचे निरनिराळे गट सरोवराहूनही जुने असून नद्यांमधून आत आले, असे पूर्वी समजत. सुमारे 240 जातींच्या जनुकीय अभ्यासावर आधारलेल्या, 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हे वैविध्य सरोवरातच निर्माण झाल्याचे मत मांडले असून आता तेच अधिक ग्राह्य वाटते. सिनोडोंटिसच्या जाती तेथे सिक्लिडांच्या बऱ्याच नंतर फुटल्या असाव्यात. व्हिक्टोरिया सरोवर उथळ आहे. गाळाच्या थरांवरून ते सुमारे 15,000 वर्षांपूर्वी जवळजवळ पूर्ण आटले होते असे दिसते. तेथील शेकडो जाती त्यानंतरच्या काळात उत्पन्न झाल्या की आसपासच्या पाण्यात तगून राहिलेल्या वंशांतून पसरल्या, हा वाद मिटलेला नाही.

सहपालनाच्या दृष्टीने सर्वांत लक्षवेधी जात सिनोडोंटिस मल्टिपंक्टेटस ही होय. बुलेंजर यांनी 1898 मध्ये तिचे वर्णन केले. पांढरट अंगावर काळे ठिपके, मोठे डोळे, पांढऱ्या कडांचे काळे पर आणि तोंडाभोवती मिशा असा हा मासा टाकीत बहुधा 15 सेंमी.च्या आसपास वाढतो. तेत्सु सातो यांनी 1986 मध्ये त्याच्या प्रजननाचा उलगडा केला. टांगानिकातील अनेक सिक्लिडांच्या माद्या अंडी तोंडात घेऊन उबवतात. मादी अंडी घालून ती उचलण्यासाठी वळते, त्या क्षणी कॅटफिशांची जोडी मध्ये घुसते, समोरची काही अंडी खाते आणि आपली सोडून निघून जाते. गडबडीत मादी दोन्ही अंडी तोंडात भरते. कॅटफिशची अंडी आधी फुटतात आणि त्यांची पिले यजमान मादीच्या तोंडातच तिच्या पिलांना खाऊन वाढतात. कावळ्याच्या घरट्यात अंडी घालणाऱ्या कोकिळेचे पिलू निदान सख्ख्या पिलांना खात तरी नाही. पक्ष्यांखेरीज अन्य पृष्ठवंशी प्राण्यांत अशा प्रकारे पूर्णपणे परक्या पालकांवर अवलंबून असलेली दुसरी जात ज्ञात नाही, असे सामान्यतः मानले जाते.

ही सवय आली कोठून, याबद्दल तर्कच आहेत. अंडी खाण्यासाठी सिक्लिडांच्या विणीवर धाड घालणाऱ्या पूर्वजांपैकी काहींनी तेथेच अंडी सोडायला सुरुवात केली असावी, हे स्पष्टीकरण आजच्या वर्तनाशी जुळते, कारण अंडी खाणे अद्याप सुटलेले नाही. यजमानांच्या बाजूचा पुरावा अधिक भक्कम आहे. चेक प्रजासत्ताकातील संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, या कॅटफिशशी कधीच संबंध न आलेल्या इतर सरोवरांतील सिक्लिड माद्या टांगानिकातील माद्यांपेक्षा कितीतरी अधिक वेळा फसल्या. टांगानिकातील अनुभवी माद्या परकी अंडी बऱ्याचदा टाळत वा थुंकून टाकत. हौशी पालकांना हे निराळ्या वाटेने आधीच ठाऊक होते. या कॅटफिशची पिले हवी असतील, तर ते टाकीत मलावीच्या सिक्लिड माद्या ठेवतात.

मलावी सरोवरात नेमका उलटा प्रकार आढळतो. तेथील कांपांगो (बॅग्रस मेरिडिओनॅलिस) हा जवळजवळ मीटरभर वाढणारा कॅटफिश तळाशी खळगा करून पिलांची राखण करतो. मादी पिलांना खाद्य म्हणून न फळलेली अंडी देते. काही सिक्लिड आपली पिले याच खळग्यात आणून सोडतात आणि कांपांगो त्यांचीही राखण करतो. मॅकाय आणि सहकाऱ्यांच्या निरीक्षणांनुसार परकी पिले घोळक्याच्या कडेला राहतात, त्यामुळे भक्षकाचा पहिला घास तीच ठरतात. म्हणजे या व्यवहारात कॅटफिशचाही लाभ असावा. कांपांगो मुळात मासेखाऊ असल्याने घरगुती टाकीत तो सहसा कोणी ठेवत नाही. मलावीत सिनोडोंटिसची एकच जात आहे, सिनोडोंटिस न्यासे. तीही व्यापारात येते.

टाकीतील जोड्या जमवताना लांबीपेक्षा तोंडाची रुंदी पाहणे योग्य. सिनोडोंटिसचे तोंड खाली वळलेले व अरुंद असते, त्यामुळे बोटभर सिक्लिड त्याच्यासोबत सुरक्षित राहतो. जिराफ कॅटफिश (ऑचेनोग्लॅनिस ऑक्सिडेंटालिस) पाऊण मीटरच्या आसपास जाऊ शकतो, पण तो तळची वाळू चाळून खाणारा असल्याने फ्रंटोसासारख्या दणकट सिक्लिडांबरोबर निभतो. मात्र त्याला फार मोठी टाकी लागते. रेड टेलचे तसे नाही. दिवे मालवल्यावर सिक्लिड खडकांच्या फटींत निश्चल होतात आणि रात्रीच कॅटफिश फिरायला निघतात. सकाळी मासा कमी भरला तर कारण शोधावे लागत नाही. विद्युत् कॅटफिश (मॅलॅप्टेरुरस) एकटाच ठेवतात.

पाण्याचा प्रश्न अधिक किचकट आहे. मलावीच्या पाण्याचा सामू (पीएच) 8 च्या पुढे, तर टांगानिकाचा 9 च्या आसपास असतो. अमोनियाची विषारी, आयनरहित मात्रा सामूबरोबर झपाट्याने वाढते. 25° से. तापमानाला सामू 7 असताना एकूण अमोनियाचा सुमारे अर्धा टक्का भाग या स्वरूपात असतो, 8 असताना सुमारे 5 टक्के आणि 9 असताना एक-तृतीयांशाहून अधिक. मोठा कॅटफिश भरपूर खातो व तितकीच घाण करतो. त्यामुळे मऊ पाण्यात खपून जाणारी ढिलाई येथे एका रात्रीत टाकी रिकामी करू शकते. दमदार फिल्टर आणि नियमित पाणीबदल यांना पर्याय नाही. चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच टाकीत सुमारे 255 लि. पाणी मावते, पाच-सहा सिनोडोंटिस आणि मध्यम आकाराचे सिक्लिड यांसाठी ही किमान मर्यादा समजावी. सिनोडोंटिस एकटादुकटा ठेवल्यास दिवसभर दडून बसतो.

खाद्यातही ओढाताण होते. मलावीचे म्बुना आणि टांगानिकातील ट्रोफियस हे सिक्लिड खडकावरील शेवाळ खरवडून जगतात, त्यांचे आतडे लांब असते. कॅटफिशसाठी टाकलेले मांसल खाद्य त्यांनी सतत खाल्ल्यास पोट फुगण्याचा विकार होतो, असा पालकांचा सार्वत्रिक अनुभव आहे. कॅटफिशचे खाद्य दिवे बंद केल्यावर टाकणे हा त्यावरचा रूढ उपाय. सिनोडोंटिसला जाळीने पकडू नये. घाबरल्यावर तो पाठीचा आणि छातीच्या परांचे काटे ताठ करून सांध्यात अडकवतो, करकर आवाज काढतो, आणि दातेरी काटे जाळीत असे गुंततात की शेवटी जाळी कापावी लागते. प्लॅस्टिकचा डबा बरा.

नावांचा गोंधळ पुष्कळ आहे. ‘पेट्रिकोला’ (टांगानिकातील सिनोडोंटिसची एक जात) म्हणून वर्षानुवर्षे विकले गेलेले बरेच ठेंगणे मासे वास्तविक वेगळ्या जातीचे होते. राइट व पेज यांनी 2006 मध्ये टांगानिकातील सिनोडोंटिसची फेरमांडणी करताना त्या जातीला लुसिपिनिस हे नाव दिले. परांच्या बुडाशी असलेल्या फिकट भागावरून ती ओळखता येते. दुकानांत जुने नाव अजून चालते.

महाराष्ट्रात मुंबईच्या कुर्ला आणि क्रॉफर्ड मार्केटसारख्या बाजारांत हे मासे मिळतात. सह्याद्रीतील धरणांचे नळाचे पाणी मऊ असल्याने येथील पालक टाकीत पोवळ्यांचा किंवा शिंपल्यांचा चुरा घालून पाणी जड करतात. बोअरच्या पाण्याला बहुधा त्याची गरज पडत नाही. भारतात 1952 मध्ये आणलेली व आता उजनीसारख्या जलाशयांत भरून राहिलेली चिलापीही आफ्रिकी सिक्लिडच आहे. आफ्रिकी मागूर (क्लॅरिअस गॅरिपिनस) हा कॅटफिश मात्र देशात संवर्धनासाठी बंदी घातलेला आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर महाराष्ट्रात त्याचे साठे नष्ट करण्याची कारवाई झाली. देशी मागुराच्या नावाखाली त्याची पिले विकली जातात.