जिभेखालची गोळी आणि गिळायची गोळी

"छातीत दुखलं की घ्यायची ती गोळी द्या." मेडिकलच्या काउंटरवर हे वाक्य मी कायम ऐकतो, आणि गोळ्या देताना हमखास विचारतो, "कशी घेता?" मागच्या पावसाळ्यात एक काका म्हणाले, "कशी म्हणजे? पाण्याबरोबर गिळतो. पण हल्ली लवकर आराम पडत नाही." गोळी होती सॉर्बिट्रेट, ५ मिलिग्रॅम. दुखायला लागल्यावर जिभेखाली ठेवायला डॉक्टरांनी लिहून दिलेली. औषधात काही खोट नव्हती, ते लांबच्या वाटेने जात होतं.

गिळलेली गोळी आधी पोटात विरघळते, मग आतड्यात शोषली जाते. तिथून निघालेलं रक्त सरळ हृदयाकडे जात नाही. एका मोठ्या शिरेतून आधी यकृतात जातं. यकृत हा आपल्या शरीराचा जकात नाका. या औषधाचा मोठा हिस्सा तिथेच मोडला जातो आणि पुढे जातो तो सरासरी जेमतेम पाव भाग. शिवाय गुण यायला अर्धा ते एक तास. ज्याची छाती आवळून आलीय, त्याला हा वेळ परवडत नाही. याच घराण्यातलं जुनं औषध नायट्रोग्लिसरिन. ते गिळलं तर यकृत जवळजवळ काहीच शिल्लक ठेवत नाही.

आता आरशासमोर उभं राहून जीभ टाळूला लावून बघा. खाली निळसर शिरा दिसतील, त्यावरची त्वचा अगदी पातळ. या शिरांमधलं रक्त मानेतून थेट हृदयाकडे उतरतं, वाटेत यकृत लागत नाही. म्हणून तीच गोळी जिभेखाली दोन ते पाच मिनिटांत काम सुरू करते. तोंड कोरडं असेल तर आधी घोटभर पाणी प्यायचं, मग गोळी ठेवायची. ती विरघळेपर्यंत काही खायचं-प्यायचं नाही आणि लाळही शक्यतो गिळायची नाही. आणि बसून घ्यायची. रक्तवाहिन्या सैल पडून रक्तदाब उतरतो. उभ्याने घेतल्यामुळे चक्कर येऊन पडलेली माणसं मी पाहिली आहेत.

हे ऐकून काही जण कुठलीही गोळी जिभेखाली ठेवायला लागतात. तसं चालत नाही. या वाटेने तेच औषध नीट जातं, जे थोड्याशा लाळेत चटकन विरघळतं, पातळ त्वचेतून पार होतं आणि अगदी कमी मात्रेत पुरतं. ५०० मिलिग्रॅमची पॅरासिटामॉल तिथे ठेवून तोंड कडू होण्यापलीकडे फारसं काही साधत नाही.

खरा घोळ नावांचा आहे. सॉर्बिट्रेटमध्ये असतं आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट. त्याचं भावंड मोनोनायट्रेट. यकृत त्याला सुरुवातीला फारसं हात लावत नाही, म्हणून ते गिळूनच घेतात. दुखणं येऊच नये म्हणून ते रोज ठरल्या वेळी घ्यायचं असतं. पाकिटावर 'एसआर' असेल तर औषध तासन्‌तास हळूहळू सुटावं अशी ती गोळी बनवलेली असते. ती चावायची नाही, कुटायची नाही. ऐन दुखण्यात तिच्यावर भिस्त ठेवायची नाही. काकांच्या पिशवीत दोन्ही स्ट्रिप एकाच रबरबँडमध्ये गुंडाळलेल्या होत्या. मी त्या वेगळ्या केल्या आणि एकीवर मार्करने 'जिभेखाली' असं ठळक लिहून दिलं.

जिभेखाली गोळी ठेवून पाच मिनिटांत दुखणं कमी झालं नाही, तर घरी वाट बघत बसू नका, १०८ ला फोन करा. आणि सिल्डेनाफिलसारखी शक्तीची गोळी घेतली असेल, तर यातली कुठलीच गोळी घेऊ नका. रक्तदाब जीवघेणा खाली जाऊ शकतो. हे सांगायला माणसं लाजतात. डॉक्टरांना तरी सांगा, नाहीतर आम्हाला काउंटरवर हळूच सांगा.