फ्रीलान्सरची खासियत आली कुठून?

फ्रीलान्सिंगच्या कुठल्याही साइटवर खातं उघडायला गेलं की पहिल्या काही मिनिटांतच एक यादी समोर येते. वेब डेव्हलपमेंट, ग्राफिक डिझाइन, लेखन, भाषांतर, मार्केटिंग. एकीवर क्लिक केलं की तिच्या पोटातून आणखी दहा निघतात. मी पहिल्यांदा ती भरली तेव्हा दिसेल त्या चौकटीवर टिक करत सुटलो आणि ठरावीक आकड्याला साइटने मला अडवलं. राग आला होता. येतात ना सगळी कामं, मग थोडकीच का सांगू? ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण शाळेत पाठ केलेली असते, पण पोटापाण्याची वेळ आली की माणूस चिंध्या गोळा करतोच.

‘निश पकडा’, म्हणजे एकच नेमकं काम निवडून त्यातच राहा, हा सल्ला आता इतका सर्रास मिळतो की तो कायमच होता असं वाटावं. तसं नाही. वेबच्या पहिल्या दिवसांत एकच काम येणारा माणूस उपाशी राहिला असता. तो सल्ला कधी आणि कशामुळे खरा झाला, हे बघण्यासारखं आहे.

‘फ्रीलान्सर’मधला ‘लान्स’ म्हणजे भाला. वॉल्टर स्कॉटच्या १८१९ मधल्या ‘आयव्हॅन्हो’ कादंबरीने रूढ केलेला हा ‘फ्री लान्स’ म्हणजे कुणा एका सरदाराच्या पदरी नसलेला, पैसे देईल त्याच्या बाजूने लढणारा भालाईत. मोकळेपणा त्या शब्दात पहिल्यापासून आहे. खासियतीचं मूळ मात्र अर्थशास्त्रात सापडतं. अ‍ॅडम स्मिथचा टाचणीचा कारखाना बहुतेकांनी ऐकलेला असतो: एकटा माणूस दिवसाला वीसही टाचण्या करू शकणार नाही, पण दहा जणांनी तार ओढणं, सरळ करणं, तोडणं, टोक काढणं अशी कामं वाटून घेतली की दिवसाला ४८,००० टाचण्या होतात. १७७६ मधल्या त्याच ग्रंथात दोन प्रकरणं पुढे तो जे म्हणतो, ते फारसं कुणी वाचत नाही. कामाची विभागणी किती बारीक होऊ शकते हे बाजार किती मोठा आहे त्यावर ठरतं. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात घरं इतकी विखुरलेली, की तिथल्या शेतकऱ्याला आपल्या कुटुंबापुरता खाटीक, बेकर आणि दारू गाळणारा स्वतःच व्हावं लागतं. त्याच्यात कौशल्य नाही असं नाही, आसपास गिऱ्हाइकंच नाहीत.

डिजिटल फ्रीलान्सरची सगळी गोष्ट स्मिथच्या बाजाराबद्दलच्या या एका वाक्यावर चालते, असं माझं मत आहे.

घरून संगणकाचं काम करणारे लोक वेबच्या तीस वर्षं आधीपासून आहेत. १९६२ मध्ये ब्रिटनमध्ये स्टेफनी शर्ली यांनी सहा पौंडांच्या भांडवलावर ‘फ्रीलान्स प्रोग्रामर्स’ नावाची कंपनी काढली. मुलं झाल्यावर नोकरी सुटलेल्या बायका घरी बसून प्रोग्रॅम लिहायच्या. शर्लींच्या पत्रांना उत्तरं येईनात, तेव्हा त्या ‘स्टीव्ह’ अशी सही करू लागल्या आणि उत्तरं यायला लागली. फोनवर बोलताना मागे मुलाचा आवाज जाऊ नये म्हणून त्या टाइपरायटरच्या खडखडाटाची टेप लावायच्या. व्हिडिओ कॉलला मागची भिंत धूसर करणाऱ्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल. घरून आणि अर्धवेळ काम चालतं हे कळू नये म्हणून त्यांनी तासाचा हिशोब टाळला आणि अख्ख्या कामाची एकच किंमत सांगायला सुरुवात केली. काँकॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्ससाठीचं प्रोग्रॅमिंग या घराघरांतून झालं. पहिल्या ३०० कामगारांत पुरुष तीनच होते. पण खासियत कसली? प्रोग्रॅमिंग हीच. तेव्हा सॉफ्टवेअर यंत्रासोबत फुकट यायचं, त्याचे वेगळे पैसे मोजायचे असतात हेच आधी लोकांच्या गळी उतरवावं लागत होतं. आत आणखी फांद्या फोडण्याइतका बाजारच नव्हता.

वेबचंही सुरुवातीला असंच झालं. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्न या प्रयोगशाळेने वेबचं तंत्र सगळ्यांसाठी खुलं केलं आणि पुढच्या दोनेक वर्षांत ‘वेबमास्टर’ हा प्राणी जन्माला आला. पानं तोच लिहायचा, चित्रं तोच बनवायचा, सर्व्हर तोच सांभाळायचा, आलेल्या ईमेलना उत्तरंही तोच द्यायचा. स्मिथचा डोंगरातला शेतकरीच तो. मग १९९५ मध्ये पान हलतं-बोलतं करणारी जावास्क्रिप्ट आणि सर्व्हरवर पानं तयार करणारं पीएचपी आलं, १९९६ च्या अखेरीस पानाचं रूप ठरवणारं सीएसएस आलं, आणि एका माणसाच्या डोक्यात मावणारं काम मावेनासं झालं.

किती बारीक तुकडे पडले याचा एक नमुना जवळून बघा. त्या काळी वेबपानावरच्या चौकटीला गोल कोपरे हवे असतील तर ब्राउझरला ते काढता येत नसत. मग डिझायनरच्या फोटोशॉप फाइलमधून चार कोपऱ्यांची चार इवलीशी चित्रं कापायची, टेबलच्या चार टोकांच्या खणांत बसवायची, आणि मधली जागा धरून ठेवायला एका पिक्सेलचं पारदर्शक चित्र ताणून लावायचं. इंटरनेट एक्स्प्लोरर या ब्राउझरच्या सहाव्या आवृत्तीत ते हमखास विस्कटायचं, ते सावरणं ही वेगळीच विद्या. एवढ्यावर एक अख्खा धंदा उभा राहिला: ‘पीएसडी टू एचटीएमएल’, म्हणजे फोटोशॉप फाइलपासून वेबपान. फाइल द्या, पान घ्या. पुढे सीएसएसमध्ये गोल कोपऱ्यांसाठी एका ओळीची सोय झाली. त्यापाठोपाठ मोबाइलचे पडदे आले, एकाच मापाचं चित्र कापून भागेना, तयार थीम आणि कोड न लिहिता पान जुळवून देणारे बिल्डर आले. ज्यांनी त्या कात्रीवर हात बसवला होता, त्यांचं कसब तसंच राहिलं, कापायला काही उरलं नाही.

बाजार खऱ्या अर्थाने मोठा केला तो कामाच्या ऑनलाइन मंडयांनी. ईलान्स १९९९ मध्ये सुरू झाली (नावातला भाला अजून तसाच), ओडेस्क २००३ मध्ये. पुढे दोघी एकत्र आल्या आणि २०१५ मध्ये त्यांचं अपवर्क झालं. इथे क्लायंट काम टाकायचा आणि लोक बोली लावायचे, त्यामुळे ‘सगळं करतो’ म्हणणाऱ्यालाही थोडीफार जागा होती. २०१० मध्ये आलेल्या फाइव्हरने हे उलटं केलं. काम करणाऱ्यानेच आपली पाटी लावायची: ‘मी अमुक करून देईन’, सुरुवातीला किंमत पाच डॉलर. हा बदल दिसायला लहान, पण माझ्या मते निशचा सल्ला खरा इथे रुजला. त्या वाक्यात एकच क्रियापद आणि एकच वस्तू मावते. ‘मी तुमचं सगळं बघेन’ असं कुणी सर्चमध्ये टाइप करत नाही, ‘पॉडकास्टसाठी लोगो’ टाइप करतं. खासियत ही आता माणसाच्या आवडीची गोष्ट राहिली नाही, शोधपेटीत सापडण्याची अट झाली.

आणि ज्याच्या पेटीत सापडायचं, त्याची मर्जी फिरली की? गूगलवर वर येण्यासाठी ठरावीक शब्द पेरून स्वस्तातले लेख पाडणं, हे २००० नंतरच्या दशकात हजारो फ्रीलान्सरांचं मीठभाकरीचं काम होतं. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने ‘पांडा’ नावाचा बदल केला, तसल्या साइट खाली ढकलल्या गेल्या, आणि त्यांना लेख पुरवणाऱ्यांची मागणी पाठोपाठ ओसरली.

ब्राउझरमध्ये हलती चित्रं आणि गेम चालवणाऱ्या अ‍ॅडोबीच्या फ्लॅश या तंत्राचं दुखणं जास्त सावकाश होतं. एके काळी फ्लॅश येणारा माणूस म्हणजे राजा. गेम, बॅनर, हलणारी प्रवेशपानं, सगळं त्याच्याकडे. एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी खुलं पत्र लिहून आयफोनवर फ्लॅश का नाही ते सांगितलं, २०१७ मध्ये अ‍ॅडोबीने निवृत्तीची तारीख जाहीर केली, ३१ डिसेंबर २०२० ला पाठबळ संपलं. पत्रापासून शेवटापर्यंत दहा वर्षं होती, म्हणजे सावध व्हायला वेळ भरपूर मिळाला. ज्यांनी स्वतःला ‘फ्लॅशवाला’ म्हणवून घेतलं ते त्या काळात खंगत गेले. ‘मी गेम बनवतो’ म्हणणाऱ्यांना हत्यार बदलणं तुलनेने सोपं गेलं, कारण फ्लॅशची अ‍ॅक्शनस्क्रिप्ट आणि जावास्क्रिप्ट या एकाच घराण्यातल्या भाषा.

म्हणून नंतर खासियत दुसऱ्या अंगाने सांगायची पद्धत पडली: हत्याराऐवजी गिऱ्हाईक. दंतवैद्यांच्या साइट, ऑनलाइन दुकानांची ईमेल, सॉफ्टवेअर कंपन्यांची मदतपुस्तिका. हे जास्त टिकाऊ मानलं जातं, आणि मलाही ते पटतं, पण गिऱ्हाइकाच्या धंद्यावरच संकट आलं तर सगळी कामं एकदम जातात ही बाजू सल्ला देणारे सांगत नाहीत. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आल्यावर तर लेखनाची किरकोळ कामं आधी गळायला लागली, मग हत्यार कुठलं आणि गिऱ्हाईक कुठलं याला फारसा अर्थ उरला नाही. काही महिन्यांत याद्यांमध्ये अशा यंत्रांना द्यायच्या सूचना, म्हणजे प्रॉम्प्ट, लिहून देणाऱ्यांची नवी चौकट आली.

जुन्या हत्याराला मरण ठरलेलंच, असंही नाही. कोबॉल ही प्रोग्रॅमिंगची भाषा १९५९ ची, शर्लींच्या कंपनीपेक्षाही जुनी. ती शिकू नका असं कित्येक पिढ्यांना सांगितलं गेलं. एप्रिल २०२० मध्ये कोविडमुळे अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात बेरोजगार भत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला, चाळीस वर्षं जुनी संगणक यंत्रणा वाकली, आणि गव्हर्नर फिल मर्फी यांनी पत्रकारांसमोर ही भाषा येणाऱ्या स्वयंसेवकांना साद घातली. भाषेचं नाव घेताना त्यांच्या तोंडून ‘कोबाल्ट’ निघालं.