गुड फ्रायडे करार

उत्तर आयर्लंडमधील संघवादी (ब्रिटनमध्येच राहू इच्छिणारे, मुख्यतः प्रॉटेस्टंट) आणि राष्ट्रवादी (संयुक्त आयर्लंड हवे असलेले, मुख्यतः कॅथलिक) समाजांतील सशस्त्र संघर्ष राजकीय मार्गाने थांबवणारा करार. १० एप्रिल १९९८ रोजी बेलफास्ट येथे झाल्यामुळे ‘बेलफास्ट करार’ असेही म्हणतात. १९६०च्या दशकाच्या अखेरीस पेटलेल्या या संघर्षात ३,५००हून अधिक माणसे मारली गेली.

शांतताप्रक्रियेचा आरंभ कोठून धरावा, याविषयी मतभेद आहेत. दोन्ही समाजांत सत्तावाटपाचे तत्त्व १९७३च्या सनिंगडेल करारातच होते, म्हणून काही अभ्यासक तेथून सुरुवात करतात. पण तो करार मे १९७४ मधील संघवादी कामगारांच्या संपापुढे टिकला नाही. काहींना १९८५चा ब्रिटन-आयर्लंड करार महत्त्वाचा वाटतो. या दोन्हींत आयआरए (आयरिश रिपब्लिकन आर्मी) या राष्ट्रवादी सशस्त्र संघटनेशी संलग्न शिन फेन पक्ष बाहेरच होता. १९८८ मध्ये मवाळ राष्ट्रवादी पक्षाचे नेते जॉन ह्यूम यांनी शिन फेनचे नेते जेरी ॲडम्स यांच्याशी बोलणी सुरू केली. आयआरएच्या ऑगस्ट १९९४ मधील शस्त्रसंधीपर्यंतचा धागा तेथून सलग दिसतो. त्यामुळे आरंभ या बोलण्यांपासून धरणे अधिक ग्राह्य ठरते. ह्यूम यांना त्यासाठी कडवट टीका सोसावी लागली.

अंतिम वाटाघाटींचे अध्यक्ष अमेरिकेचे जॉर्ज मिचेल होते. २२ मे १९९८च्या सार्वमतात उत्तर आयर्लंडमधील ७१.१ टक्के मतदारांनी करार स्वीकारला.

कराराचा कणा उत्तर आयर्लंडच्या विधानसभेच्या मतदानपद्धतीत आहे. प्रत्येक सदस्य आपली नोंद ‘संघवादी’, ‘राष्ट्रवादी’ किंवा ‘इतर’ अशी करतो. महत्त्वाच्या निर्णयाला एकूण बहुमतासोबत पहिल्या दोन्ही गटांत वेगवेगळे बहुमत लागते. किंवा एकूण ६० टक्के आणि त्या प्रत्येक गटाची किमान ४० टक्के मते लागतात. सरकारचे प्रमुख असलेले प्रथम मंत्री व उपप्रथम मंत्री यांचे अधिकार समान असून एकाच्या राजीनाम्याने दुसऱ्याचेही पद जाते. ‘इतर’ सदस्यांच्या मताचे वजन या मतदानपद्धतीत घटते, हा आक्षेप रास्त आहे.

ह्यूम आणि संघवादी नेते डेव्हिड ट्रिंबल यांना १९९८चे शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. तडजोडीची किंमत मात्र दोघांच्याही पक्षांनी मोजली: २००३च्या निवडणुकीत आपापल्या समाजातील अधिक कडव्या पक्षांनी त्यांना मागे टाकले. १९९७ मध्ये वाटाघाटी सोडून गेलेले कडव्या संघवादी पक्षाचे नेते इयन पेझली मे २००७ मध्ये आयआरएचे माजी नेते मार्टिन मॅक्गिनिस यांच्यासह सत्तेवर आले.

सशस्त्र संघटनांच्या कैद्यांच्या सुटकेला करारात दोन वर्षांची मुदत होती. मृतांच्या नातेवाइकांसाठी सत्यशोधन आयोगाची तरतूद नव्हती. उत्तर आयर्लंडच्या डेरी शहरातील जानेवारी १९७२च्या ब्रिटिश लष्कराच्या गोळीबाराबद्दल ब्रिटिश पंतप्रधानांनी माफी मागितली ती जून २०१० मध्ये, स्वतंत्र चौकशीच्या अहवालानंतर.